भांडणाची गोष्ट एकत्र बसून लिहिणें

(हीरकमहोत्सवाच्या वर्षांत उमरठ येथें भरलेल्या एकदिवसीय मेळाव्यांत स्मरणिका-समितीच्या वतीनें केलेलें भाषण)



आजच्या मेळाव्यासाठीं उमरठच कां निवडलें, हा प्रश्न गाडींत बसल्यापासून आपणांपैकीं पुष्कळांनीं आम्हांस विचारला. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तर हंसत म्हटलें कीं, महोत्सवाची यात्रा मरियामातेच्या एखाद्या देवळीं न्यावयाची, ती तुम्हीं पोलादपुरच्या डोंगरांत तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशीं आणली, हें कसें? प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर देणें हेंच आमच्या भाषणाचें प्रयोजन आहे. परंतु उत्तराकडे वळण्यापूर्वीं समितीवर आलेला एक प्रसंग आपणांस सांगणें भाग आहे. कारण त्या प्रसंगामुळेंच आम्ही येथवर आलों.

स्मरणिकेसाठीं धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचें काम आम्हां सात जणांकडे आलें. पहिलें देऊळ कुडाचें होतें, घंटा कोणी दिली, शाळा केव्हां सुरू झाली, हें सारें सहज लिहून झालें. मग रांजणाची गोष्ट निघाली. देवळाच्या पडवींत पाण्याचा एक रांजण असे, व कुंपणापाशीं चिंचेखालीं दुसरा असे, इतकें जुन्या माणसांस आठवतें. तो दुसरा कां असे, ह्याविषयीं मात्र सर्व घरें एक बोलत नाहींत. आम्हीं पहिल्या खर्ड्यांत एक ओळ घातली कीं, त्या काळच्या सर्वसाधारण रीतीप्रमाणें पाण्याची व्यवस्था वेगवेगळी होती. ओळ निरुपद्रवी वाटली म्हणून ती सभेंत वाचून दाखविली. वाचन संपण्यापूर्वींच मागच्या बांकांवरचीं पांच-सहा माणसें उठून गेलीं. त्यांत गायनमंडळांत चाळीस वर्षें गाणाऱ्या एक आजीहि होत्या. पुढच्या रविवारीं मिस्सेच्या वेळीं त्यांची जागा रिकामी होती.

चूक आमची होती. त्या ओळींतला शब्द न् शब्द कदाचित् खरा असेल. पण ती आम्हीं दुसऱ्या बाजूस न विचारतां लिहिली होती. ज्यांच्या घरीं त्या दुसऱ्या रांजणाची आठवण राहिली आहे, त्यांच्यापैकीं एकहि माणूस आमच्या सात जणांत नव्हता, हेंहि त्याच दिवशीं प्रथम आमच्या ध्यानीं आलें.

आतां उमरठाकडे येऊं. १६६५ च्या पुरंदरच्या तहानें शिवाजी महाराजांस तेवीस किल्ले मोगलांस द्यावे लागले. त्यांत कोंडाणा होता. तो परत घेतांना ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं सुभेदार तानाजी मालुसरे पडले. गडाचा किल्लेदार उदयभान राठोड हाहि त्याच रात्रीं पडला. तानाजीरावांचा देह ह्या गांवीं आणिला, व ज्या वाटेनें आणिला तीस मढेघाट हें नांव पडलें, असें लोक सांगतात. त्यांची व शेलारमामांची समाधि आपण आतांच पाहिली. मुलाचें लग्न बाजूस ठेवून निघालेला बाप, कड्यावर सोडलेला दोर, घोरपडीची कथा, हें सर्व पोवाड्यांनीं व कादंबऱ्यांनीं घरोघर पोंचविलें आहे. ह्या गांवाला त्याचा अभिमान वाटावा हें योग्यच आहे, आणि आपणहि येथें हात जोडूनच उभे राहिलों.

पण उदयभान राजपूत होता. त्याच्या घरीं ही वार्ता केव्हां व कशी पोंचली, तेथें कोणीं कपाळ बडविलें, त्याचीं मुलें कोणाच्या आश्रयास गेलीं, हें आपणांपैकीं कोणास ठाऊक आहे? सिंहगडावर एक चौकोनी दगड त्याचें स्मारक म्हणून दाखवितात. आपण शाळेंत असतांना गडावर गेलों होतों, तेव्हां त्या दगडापाशीं किती जण थांबलों? ह्यांत पोवाड्याचा दोष नाहीं; शाहिरानें आपल्या माणसाचें गावें हा त्याचा धर्मच आहे. परंतु जें आपण इतिहास म्हणून मुलांच्या हातीं देतों, तें एकाच अंगणांतून पाहिलेलें असेल, तर मुलास दुसरें अंगण आहे हेंच कळत नाहीं. उमरठास येण्याचें पहिलें कारण हें.

दुसरें कारण आपण वाटेंत महाडास पाहिलें. चवदार तळ्याच्या कांठीं उतरून कांहींनीं ओंजळभर पाणी घेतलें. त्या तळ्याची हकीकत थोडक्यांत अशी. १९२३ सालीं रावबहादुर सीताराम केशव बोले यांच्या ठरावानें मुंबईच्या कायदेमंडळानें सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असावे असें ठरविलें. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें त्याप्रमाणें तळें खुलें केलें. कागद झाला, पण तीन वर्षें त्या पाण्यास अस्पृश्य मानलेल्या एकाहि माणसाचा हात लागला नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी आवई उठली, आणि तिच्यावर विसंबून परतणाऱ्या प्रतिनिधींस मारहाण झाली. पुढें एकशें आठ घागरी पंचगव्य ओतून तळें 'शुद्ध' करण्यांत आलें. त्याच वर्षीं नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. प्रकरण न्यायालयांत गेलें, व उच्च न्यायालयाचा निर्णय सत्याग्रहींच्या बाजूनें लागावयास १७ मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीसाठीं दहा वर्षें लागलीं.

बंधुभगिनींनो, ह्या हकीकतीतील दोन गोष्टींकडे आम्ही आपलें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. पहिली ही कीं, दगड हातीं घेणाऱ्यांनीं समोरच्यांस कांहीं विचारलें नव्हतें. कोणी म्हणालें, आणि त्यांनीं ऐकलें. दुसरी गोष्ट डिसेंबर १९२७ च्या परिषदेची. तिला जागा मिळेना, तेव्हां फत्तेखान नांवाच्या मुसलमान गृहस्थानें आपली जागा दिली. मनुस्मृति जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. अनंतराव चित्रे व सुरेंद्रनाथ टिपणीस हे कायस्थ प्रभु समाजांतले सहकारी होते. न्यायालयाचा मनाईहुकूम निघालेला असल्यामुळें तळ्यावर जावें कीं थांबावें, ह्यावर तेथें मोठी चर्चा झाली. जिल्ह्याचे कलेक्टर येऊन बोलले, त्यांचेंहि ऐकून घेतलें. अंगावरच्या जखमा ताज्या असतांना हजारों माणसांनीं एकमेकांचें ऐकून घेऊन सत्याग्रह तूर्त तहकूब ठेवण्याचा ठराव केला, आणि तळ्याला नुसती फेरी घालून तीं माणसें परत गेलीं. ठराव म्हणजे तरी काय? अनेकांनीं मिळून लिहिलेलें एक वाक्य. शब्द सुचवावा, दुसऱ्यानें तो बदलावा, तिसऱ्यानें हरकत घ्यावी, आणि अखेर जें उरेल त्याखालीं सर्वांनीं उभें राहावें.

आतां आपल्याच घरची गोष्ट. ती सांगणें अधिक कठीण आहे.

अकबर बादशहानें १५७५ सालीं फत्तेपुर सिक्रीस इबादतखाना बांधिला, व धर्माधर्मांच्या विद्वानांस तेथें वादास बसविलें. १५८० सालीं येशूसंघाचे फादर रुडॉल्फ आक्वाविवा व त्यांचे सोबती त्या दरबारीं गेले. सभा मोठ्या झाल्या, पण प्रत्येकास समोरच्याचा पराभव हवा होता. फादर मोन्सेराते यांनीं ती हकीकत लॅटिनमध्यें लिहिली, बदाऊनीनें फारसींत लिहिली. दोघेहि आपापल्या माणसांसाठीं लिहीत होते. १५८३ सालीं फादर आक्वाविवा गोमंतकांत परतले व साष्टी प्रांतीं नेमले गेले. त्या प्रांतांतलीं देवळें पोर्तुगीज सत्तेनें पूर्वींच पाडलीं होतीं. कुंकळ्ळीचे गांवकर त्या जखमेनें पेटलेले होते. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीस क्रूस उभारण्यासाठीं जागा पाहावयास गेलेले पांच येशूसंघी व त्यांच्या बरोबरचे कित्येक ख्रिस्ती तेथें मारले गेले. आपण त्या पांचांस धन्यवादित म्हणून मान देतों; १८९३ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं त्यांना तें पद दिलें.

पुढचें आपल्या प्रवचनांत क्वचितच येतें. कांहीं काळानें कुंकळ्ळीच्या सोळा गांवकरांस बोलणीं करण्याच्या मिषानें आसोळण्याच्या किल्ल्यांत बोलाविलें, व तेथें त्यांना मारून टाकलें. त्यांतून निसटला तो एखादाच. बोलणीं हा शब्द त्या गांवांत पुढें कसा ऐकूं आला असेल, ह्याचा विचार करावा. आज कुंकळ्ळींत धन्यवादितांचीहि स्मृति आहे आणि गांवकरांचेंहि स्मारक उभें आहे. एका गांवांत दोन मरणें आणि दोन स्मारकें. ज्यास ख्रिस्ताचें सत्य सांगावयाचें आहे, त्यानें ह्यांतलें एकच सांगून भागावयाचें नाहीं.

त्या धन्यवादितांचे देह मिळवून आणणारे फादर थॉमस स्टीफन्स आपणां मराठी ख्रिस्ती लोकांस दुसऱ्या कारणानें वंद्य आहेत. हा इंग्रज धर्मगुरू १५७९ सालीं गोव्यास आला, येथली भाषा शिकला, आणि त्याचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं राशोलास छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ संवादाच्या रूपानें रचलेला आहे. लोक विचारतात व पाद्री गुरु उत्तर देतो. आमचीं जुनीं पुराणें गेलीं, आतां तशा धाटणीचें कांहीं आम्हांस नको काय, अशी लोकांची मागणी त्याच्या मुळाशीं आहे. कुंकळ्ळीची राख डोळ्यांनीं पाहिलेल्या माणसानें तलवारीच्या बाजूस न जातां लोकांचा प्रश्न ऐकून घेतला, हें त्याचें थोरपण होय. तरीहि एक उणीव राहते, आणि ती आम्ही आदरानेंच सांगतों. प्रश्न लोकांचे असले, तरी लेखणी एकट्या पाद्रीबुवांच्या हातीं होती. लोकांनीं आपल्या शब्दांत काय विचारलें असतें, तें आपणांस कधींच कळणार नाहीं.

लेखणी दोघांच्या हातीं देण्याचे प्रयत्न आपल्या काळांत झाले आहेत. फ्रान्स व जर्मनी ह्या दोन हाडवैरी राष्ट्रांतील तरुणांनीं २००३ सालीं समाईक इतिहासपुस्तकाची मागणी केली, आणि २००६ सालीं त्याचा पहिला भाग दोन्हीं भाषांत निघाला. त्याहून कठीण प्रयत्न प्रभूच्या जन्मस्थानाजवळच झाला. बेथलेहेमच्या शेजारच्या बेत जाला गांवीं पॅलेस्टिनी शिक्षणतज्ज्ञ सामी अदवान व इस्रायली मानसशास्त्रज्ञ दान बार-ओन यांनीं १९९८ सालीं एक संस्था काढिली व दोन्हींकडील शिक्षकांस एकत्र बसविलें. शिक्षक एकमेकांशीं भांडले. नाकेबंदीमुळें कित्येक वेळां भेटूंहि शकले नाहींत. पुष्कळ खटाटोपानंतर त्यांस उमगलें कीं, दोघांस मान्य होईल असा एक इतिहास आज लिहितां येणार नाहीं. मग त्यांनीं पानाचे तीन रकाने पाडले. एका कडेस इस्रायली हकीकत, दुसऱ्या कडेस पॅलेस्टिनी हकीकत, आणि मधला रकाना विद्यार्थ्यानें स्वतः लिहावा म्हणून कोरा. १९४८ सालच्या घटनांस एका रकान्यांत स्वातंत्र्ययुद्ध म्हटलें आहे, दुसऱ्यांत नकबा, म्हणजे महासंकट. दोन्हींकडील सरकारी शाळांनीं हें पुस्तक स्वीकारलें नाहीं, आणि युद्धहि त्यानें थांबलें नाहीं; ऑक्टोबर २०२३ पासून त्या भूमींत काय घडलें तें आपण जाणतां. तरी त्या शिक्षकांनीं समोरच्याची हकीकत आपल्या हकीकतीशेजारीं छापूं दिली, एवढी गोष्ट घडून गेली आहे.

हें वाचल्यावर आम्हीं आमचा खर्डा बाजूस ठेविला. समितींत चार नवीं माणसें घेतलीं, आणि शेजारच्या तालुक्यांतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंस मध्यस्थ बसण्याची विनंती केली. त्या आपल्या धर्माच्या नाहींत व कोणाच्या सोयऱ्याहि नाहींत. त्यांनीं नियम थोडेच घातले. एक बोलत असतां दुसऱ्यानें बोलूं नये. आपण स्वतः पाहिलें तें आधीं सांगावें, ऐकीव मागाहून. उत्तर देण्यापूर्वीं समोरचा काय म्हणाला तें त्यास मान्य होईल अशा शब्दांत परत सांगावें. आणि ज्याचें म्हणणें लिहिलें, त्यास तें वाचून दाखविल्याविना पान उलटूं नये. सावंतवाडीकडून आलेलीं घरें कोंकणींत बोललीं, वाडीवरचीं माणसें आपल्या बोलींत बोललीं; जसें बोललीं तसेंच लिहून घेतलें, शुद्ध केलें नाहीं.

पहिली सभा एका शब्दावर संपली. एक पक्ष 'व्यवस्था' म्हणे, दुसरा 'बंदी' म्हणे. दुसऱ्या सभेंत देवळाजवळच्या घरांतील वडिलांनीं सांगितलें कीं, वाडीवरचीं माणसें उन्हांतून चालत येत, त्यांस सांवली मिळावी म्हणून रांजण चिंचेखालीं ठेविला असें त्यांनीं आपल्या आईकडून ऐकलें आहे. ते खोटें बोलत होते असें आम्हांस वाटलें नाहीं. मग त्या आजी बोलल्या. आमच्यांतले दोघे त्यांच्या घरीं जाऊन चुकी कबूल करून आले होते, म्हणून त्या आल्या होत्या. त्यांच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशीं त्या आठ वर्षांच्या होत्या. तहान लागली म्हणून त्यांनीं पडवींतल्या रांजणांत ओगराळें घातलें. त्यांच्या देखत तो भरलेला रांजण अंगणांत ओतून देण्यांत आला. त्या पांढऱ्या झग्यावर चिखल उडाला, एवढें सांगून त्या थांबल्या. त्यांचें म्हणणें परत सांगण्याची पाळी ज्यांची होती, त्यांस तें सांगतां येईना.

तिसऱ्या सभेंत, आजवर एक शब्दहि न बोललेले एक वृद्ध गृहस्थ उठले. ते म्हणाले, "तो रांजण पुन्हां भरावयास विहिरीवर मलाच धाडलें होतें. बारा कळशा आणल्या. कां आणतों आहों हें मला ठाऊक होतें. घरीं मीं कोणास सांगितलें नाहीं." ते देवळाजवळच्या घरांतले आहेत. सभा त्या दिवशीं लवकर उठली.

चौथ्या सभेंत दोन्हीं पक्षांनीं मिळून एक वाक्य लिहिलें. तें असें: 'देवळांत रांजण दोन होते, आणि एकदां भरलेला रांजण ओतून देण्यांत आला.' रांजण कोणीं ओतला तें नांव त्यांत नाहीं. तें घालूं नये अशी विनंती आजींनींच केली. त्यांची नातवंडें आज एकाच बांकावर बसतात, असें त्या म्हणाल्या. स्मरणिकेंत हें वाक्य वर, व त्याखालीं तीन रकाने आहेत. दोन भरलेले आहेत, मधला कोरा आहे.

आम्ही आपणांस असें सांगणार नाहीं कीं सर्व मिटलें. त्या दिवशीं उठून गेलेल्यांपैकीं दोन घरें अद्याप आलेलीं नाहींत. जुनीं मढीं उकरून महोत्सवाचा आनंद कां घालवितां, असें विचारणारेहि आहेत, आणि त्यांचें म्हणणेंहि आम्हीं लिहून घेतलें आहे. त्यांस आमचें उत्तर एवढेंच कीं, वेदीपाशीं नैवेद्य आणला असतां भावाच्या मनांत आपल्याविषयीं कांहीं आहे असें आठवलें, तर नैवेद्य तेथेंच ठेवून आधीं भावाकडे जावें, अशी प्रभूची आज्ञा आहे. आपल्या इतक्या वर्षांचा नैवेद्य आपण वेदीवर ठेवूं पाहत आहों. शिवाय ज्या प्रभूनें याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागितलें, त्याच्या देवळांत रांजण दोन होते हें लपवून त्याचा महोत्सव कसा साजरा करावयाचा? त्याच्या लोकांत आणि शोमरोन्यांत भांड्याचा व्यवहार नव्हता. तो मात्र आधीं मागता झाला. पवित्र सभेनेंहि २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यांत परधर्मीयांशीं संवाद करण्यास आपणांस सांगितलें आहे. मग एका देवळांतल्या दोन बांकांचा संवाद कोणत्या तोंडानें टाळावा?

यास्तव आमची विनंती ही. ज्यांना त्या दोन रांजणांविषयीं, किंवा असेंच दुसरें कांहीं, आठवत असेल, त्यांनीं सणाच्या दिवसापर्यंत समितीकडे यावें. वही देवळाच्या कार्यालयांत ठेविली आहे. लिहितां येत नसेल त्यांनीं सांगावें, आम्ही लिहून घेऊं व वाचून दाखवूं. आणि जे उठून गेले त्यांच्या शेजाऱ्यांनीं आज संध्याकाळीं घरीं परततांना त्यांच्या दारावरून तसेंच पुढें न जातां थोडें थांबावें.

आतां जेवणाची वेळ झाली आहे. उमरठच्या ग्रामस्थांनीं आपणांसाठीं पाणी भरून ठेविलें आहे. भांडें एकच आहे. सर्वांनीं तेथेंच यावें.

प्रभु आपणां सर्वांस शांति देवो.